राणी रंगाचा उंदीर

बदलापूरच्या शिरगावात आमच्या इमारतीमागे भाताचं एक खाचर अजून उरलं आहे. भावाभावांचा दावा चालू आहे म्हणून उरलं, नाहीतर एव्हाना तिथेही टॉवरची पाटी लागली असती. काल त्यात कापणी झाली, आसपासच्या सगळ्यांच्या शेवटी. सकाळी खिडकी उघडली तर कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर, तळाशी थोडा कुजका असा वास घरात आला. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "काय मस्त वास सुटलाय ना काका! गावाला गेल्यासारखं वाटतं." मी हो म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

मला या वासाने गाव आठवत नाही. उंदीर आठवतात.

पुस्तकांत कापणीचा हंगाम फार देखणा असतो. पिवळी शेतं, विळ्यांची लकाकी, खळ्यावरची रास. अंबरनाथच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे अशी पानं मी पुष्कळ वाचली आहेत. कापणीनंतर शेत सोडून निघणाऱ्यांबद्दल त्यांत कुठे काही लिहिलेलं नव्हतं. पीक उभं असतं तोवर त्यांचं खाणं, बिळं, पिल्लं सगळं तिथेच चालतं. मग एका सकाळी डोक्यावरचं छप्पर कापलं जातं आणि ते चालू लागतात. आत्ता मी 'बेघर होतात' असं लिहिणार होतो. तो शब्द खोडला. त्यांच्यासाठी माझ्याकडे असला मऊ शब्द एकही नाही.

सुलभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, गाळा बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली दुकानं, वर क्लासेस आणि एक दातांचा दवाखाना, असं साधं कॉम्प्लेक्स. गाळा घ्यायला गेलो तेव्हा तिथे चिखलणी केलेलं शेत होतं. बिल्डरच्या माणसाने बांधावर उभं राहून हवेत बोट फिरवून आमचा गाळा दाखवला, आणि सुलभा चपला हातात घेऊन पार त्या जागेपर्यंत चिखलात चालत गेली. "भातात पाय ठेवून बुकिंग केलंय मी," असं नंतर सगळ्यांना सांगायची. शेत गेलं, बांध गेला, बांधावरचे बगळे गेले. उंदरांचा हंगाम राहिला. नवरात्र संपलं, आजूबाजूची उरलीसुरली खाचरं कापली गेली, की ते यायचे. आधी मागच्या गटारात, मग शेजारच्या धान्याच्या दुकानात, आणि मग सामाईक भिंतीतून आमच्याकडे.

"गणपती गेले गावाला," ती सकाळी शटर वर करता करता म्हणायची, "आणि वाहन ठेवून गेले माझ्या गाळ्याला."

तिच्या कामाचा हंगामही नेमका तोच. ती साड्यांना फॉल-पिको करायची आणि ब्लाउज शिवायची. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि त्याच्या आधीपासून शालू, पैठण्या, नऊवाऱ्या गाळ्यात येऊन पडायला लागतात. नवरीची आई काउंटरवर शालू ठेवते तेव्हा हात पटकन काढून घेत नाही. बोटं जरीवर जरा रेंगाळतात. सुलभा म्हणायची, "मुलगी दिल्यासारखा देतात हो. आणि मी ठेवायचा कुठं, तर उंदरांच्या धर्मशाळेत."

तिला धास्ती होती ती या एकाच गोष्टीची. शिवण तर पुष्कळजणींची चांगली असते. सुलभाताईंकडे टाकलेली साडी जशीच्या तशी परत येते, यावर तिचं बाजारातलं नाव उभं होतं. एक काठ कुरतडला गेला असता तर ते नाव संपलं असतं. उंदराला अस्सल जर ओळखता येते असं तिचं ठाम मत होतं. "साधी कॉटन पुढ्यात पडलेली असते, तिला तोंड लावणार नाही मेला. पदर शोधत जातो."

मी तिला सांगत असे की ग्रंथालयातले उंदीरही असेच. जुन्या बांधणीच्या पुस्तकांची पाठ तेवढी खातात, कारण ती कणकेच्या खळीने चिकटवलेली असते. मजकुराला हात लावत नाहीत.

"तुमचे उंदीर शिकलेले," ती म्हणाली. "माझे नुसतेच श्रीमंत."

तिने काय काय करून पाहिलं नाही! पत्र्याची जाड ट्रंक आणली आणि शालू तिच्यातच ठेवायची. डांबराच्या गोळ्या, कापूर, शटरच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी. पिंजऱ्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा, आणि तो नाही चालला तर बोंबलाचं डोकं. त्या दिवसांत गाळ्यात नव्या रेशमाचा आणि बोंबलाचा असा एकत्र वास असे. गिऱ्हाईक बायका नाकाला पदर लावून मापं देत.

एकदा चिकट पुठ्ठा लावला. भर दुपारी त्यावर एक उंदीर अडकला आणि ओरडू लागला. मला तो आवाज सहन झाला नाही, मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सुलभाने चिमट्याने पुठ्ठा उचलला, मागच्या मोरीत नेला, पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवला आणि हात धुऊन मला हाक मारली. "झालं हो. या, चहा घ्या."

"वाईट नाही वाटत तुला?" मी विचारलं.

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण शालूचं जास्त वाटतं."

शेजारचं धान्याचं दुकान पाटकरांचं. तेच कॉम्प्लेक्सच्या कमिटीचे अध्यक्ष. कपाळाला गंध, आवाज साखरेत घोळलेला. सकाळी शटर उघडलं की देवाला उदबत्ती आणि मग पक्ष्यांसाठी दोन मुठी ज्वारी पॅसेजमध्ये. कबुतरं यायची, खायची, जायची. उरलेली ज्वारी तशीच पडून असायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक दाणा दिसायचा नाही. "पक्ष्यांनी खाल्ली," पाटकर समाधानाने म्हणायचे. दुकानात औषध घालू द्यायचे नाहीत. जीवहत्या नको. त्यांचा एक पिंजरा होता. त्यात उंदीर सापडला की वॉचमन दगडूमामांना हाक जाई. मामा पिंजरा सायकलला अडकवत, मोठा रस्ता ओलांडून समोरच्या मार्केटच्या मागे जात, दार उघडून उंदीर सोडत आणि रिकामा पिंजरा घेऊन येत. त्यासाठी त्यांना पाटकरांकडून कटिंग चहा. हळूहळू सगळ्या कॉम्प्लेक्सने हीच रीत धरली. मारायचं कुणालाच नको होतं. पलीकडे नेऊन सोडलं की हात स्वच्छ.

ऐकायला किती सुसंस्कृत वाटतं! अशा सुसंस्कृत गोष्टींची मला आता भीती वाटते.

उल्हासनगरचे गोपभाई सुलभाला फॉल, अस्तरं आणि दोरे आणून द्यायचे. स्टुलावर बसले की उठत नसत. मागच्या वर्षी ऐन हंगामात ते आले तेव्हा ती कुरतडलेल्या अस्तराचा गठ्ठा त्यांच्यापुढे धरून उभी होती.

"चूहा आहे काय भाभी?"

"आहे म्हणजे? गाळा त्याचाच आहे. मी पोटभाडेकरू."

गोपभाई पोट हलवून हसले. मग म्हणाले, "आमच्या मार्केटमध्ये पण लई झाला होता. मग काय केलं, एक दिन सब शटर बंद. सगळा माल बाहेर काढला, सगळी भोकं एकाच दिवशी बंद केली, औषधवाला बुलाया. एक पण दुकान सुटलं ना भाभी, तर बाकी सगळ्यांची मेहनत पानी में. चूहा काय, बाजूवाल्याकडे पाहुणा म्हणून जातो, चार दिवस राहतो, परत येतो."

"आमच्याकडे नाही व्हायचं ते. आमचे अध्यक्ष पुण्यवान आहेत."

"फिर तो मुश्किल है," गोपभाई एकदम गंभीर झाले. "पापी आदमी को समझा सकते हैं."

ते गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी आमच्या पिंजऱ्यात एक सापडला, चांगला मोठा, कानाला चीर गेलेला. ब्लाउजवर नक्षी रंगवण्यासाठी तिच्याकडे फॅब्रिक कलरच्या बाटल्या असत. त्यातला राणी रंग तिने घेतला आणि पिंजऱ्याच्या गजांतून ब्रश घालून उंदराच्या पाठीवर एक चांगला रुंद पट्टा ओढला. उंदीर गरकन फिरला. "हलू नको रे," ती एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी म्हणाली. मग मामांना हाक मारली. मामांनी वाकून पाहिलं. "ह्ये काय वो ताई? लगीन हाय का त्याचं?"

"वऱ्हाडी आहे. सोडून या पलीकडे."

आकाशकंदिलांचे गाडे लागले त्या सुमाराची एक सकाळ. मी बाहेर पेपर वाचत होतो आणि आतून तिची हाक आली. "अहो, लवकर या. पाहुणे आले!" पिंजऱ्यात तोच उंदीर होता. कानाला तीच चीर, पाठीवर विटका, पण स्पष्ट राणी रंग. सुलभा स्टुलावर बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं इतकं मोठं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

हसून झाल्यावर ती रस्ता ओलांडून समोरच्या मार्केटमध्ये विचारायला गेली. तिथल्या वॉचमनने मोकळेपणाने सांगून टाकलं, "आम्ही पण तुमच्याच मागं सोडतो की ताई. तुमच्यात धान्याचं दुकान आहे, उपाशी नाय मरत बिचारे."

म्हणजे असा व्यवहार चालला होता. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. दोन्ही बाजार ती मनापासून पाळत होते. आपल्या दारातलं संकट उचलायचं, दुसऱ्याच्या दारात अलगद ठेवायचं आणि रिकामे हात जोडून देवापुढे उभं राहायचं. मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माणसं ज्याला दया म्हणतात त्यातला बराच भाग हा इतकाच असतो, अशा मताचा झालो आहे.

सुलभाने तो पिंजरा उचलला आणि थेट पाटकरांच्या काउंटरवर नेऊन ठेवला. दिवाळीच्या रव्या-मैद्याला गर्दी होती. बायका किंचाळून मागे सरल्या.

"हे काय ताई? गिऱ्हाईक आहे!"

"तुमचं पुण्य आहे पाटकर. परत आलंय. ओळख पटावी म्हणून रंगवून पाठवलं होतं."

कुणीतरी फिदकन हसलं. पाटकरांचं गंध कपाळावरच्या आठ्यांत वेडंवाकडं झालं. सुलभा हसली नाही. तिने सगळ्यांसमोर सरळ मागणी केली. एक दिवस. सगळ्या कॉम्प्लेक्सने एकच दिवस शटर बंद ठेवावं, पोती हलवावीत, भोकं बुजवावीत, गटाराला जाळी लावावी, औषधवाल्याला बोलवावं, आणि पॅसेजमधली ज्वारी थांबवावी.

"दिवाळीच्या तोंडावर शटर बंद?" पाटकर म्हणाले. "धंद्याचे दिवस आहेत. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर तुळशीचं लग्न. माझ्याकडे आत्ता शालू येऊन पडलेत."

"मग तुम्ही तुमचा गाळा नीट बंद करून घ्या ना. बाईमाणसाने इतकं चिडू नये, तब्येतीला बरं नसतं."

"माझ्या बाजूने मी बुजवते. तुमच्या बाजूने कोण बुजवणार?"

आजूबाजूचे दुकानदार आपापल्या चपलांकडे बघत होते. सुलभाने पिंजरा उचलला आणि परत आली. तो उंदीर पुन्हा मामांच्या सायकलवर बसला नाही.

त्यानंतर परतीचा पाऊस आला. दुपारी आभाळ एकदम काळं झालं आणि असा कोसळला की मागचं गटार भरून वर आलं. त्याच्या तोंडाशी कोंडा, फाटकी पोती आणि कसलाकसला कचरा अडकलेला होता. काळं पाणी पॅसेजमधून गाळ्यात शिरलं. सुलभाने साडी खोचली, चपला काढल्या, मला ट्रंक टेबलावर चढवायला लावली आणि संध्याकाळपर्यंत खराट्याने पाणी बाहेर लोटत राहिली. तिच्या टाचा कायम भेगाळलेल्या असत. मशीनचं पायडल मारणाऱ्या बाईच्या टाचा. मी म्हटलं, रबरी बूट आणू का? ती म्हणाली, "आता काय बूट? आता पाण्याला सांगा थांब म्हणून."

मग ताप. व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे, असं सगळे म्हणाले. पोटऱ्या इतक्या दुखत की चादरीचा स्पर्श नको व्हायचा. डोळे लाल झाले आणि मग पिवळे. हॉस्पिटलात नेल्यावर तरुण डॉक्टरने आम्हाला दोघांनाही विचारलं, कुठल्या साचलेल्या पाण्यात उतरला होतात का? लेप्टो, तो म्हणाला. उंदरांच्या लघवीने घाण झालेलं पाणी, पायाच्या भेगा, तिथून रक्तात.

सुलभाने ते ऐकलं. थोड्या वेळाने माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "म्हणजे शालूला सोडलं आणि मला धरलं."

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचेही नाहीत. एवढंच आहे की ती मध्येच डोळे उघडून विचारायची, "ट्रंक वर आहे ना?"

"आहे."

"कडी?"

"लावलीय."

"मग ठीक."

ती गेली तेव्हा संध्याकाळ होती आणि हॉस्पिटलच्या समोरच्या चाळीत तुळशीचं लग्न लागत होतं. कुणीतरी हौशी माणूस मंगलाष्टकं म्हणत होता, बेसूर आणि अगदी मनापासून. पोरं फटाके वाजवत होती.

ट्रंकेतले शालू धड होते. त्यांतला एक मी स्वतः नवरीच्या आईला नेऊन दिला. तिने रडत रडत पिशवी घेतली, आणि रडत रडतच घडी उलगडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठ तपासला. मला राग आला नाही. सुलभानेही तिला तेच करायला सांगितलं असतं.

पाटकर भेटायला आले होते. सतरंजीवर बसले, पाणी घेतलं. म्हणाले, "वेळ आली की कशाचं तरी निमित्त होतं सर. उंदराचं काय घेऊन बसलात." मी काही बोललो नाही. गप्प राहणाऱ्या माणसाची ही एक पंचाईत असते, त्याच्या गप्प राहण्याला लोक क्षमा समजतात. पाटकर उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मग सल्ले आले. ध्यान करा, यात्रेला जा, मन कशात तरी रमवा, राग धरू नका. राग मी धरला. नीट घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून, जसा शालू ठेवतात तसा जपून ठेवला. त्याला कसर लागू दिली नाही. उंदरांवरच्या रागात एक स्वच्छपणा असतो, कारण उंदीर आपल्याला काही समजावत नाही. माणसांवरचा राग मात्र रोज सकाळी त्यांनी 'नमस्कार सर' म्हटलं की पुन्हा ताजा होतो.

गाळा बंद केला नाही. रेखा म्हणून एक मुलगी सुलभाच्या हाताखाली दुसऱ्या मशीनवर बसायची, ती आता सगळं सांभाळते. मी काउंटरवर असतो. साड्यांना नावाच्या चिठ्ठ्या टाचतो. पुस्तकांचंच काम म्हणायचं, फक्त वाचणारं कुणी नाही.

यंदा दसरा झाला आणि ट्रंकेमागे काळ्या लेंड्या दिसल्या. मी पाटकरांकडे गेलो आणि सुलभाची मागणी तिच्याच शब्दांत पुन्हा केली. "दिवाळीनंतर बघू," ते म्हणाले. त्यांचेही शब्द तेच होते. त्या दिवसापासून मी रोज सकाळी झाडू घेऊन पॅसेजमध्ये उभा राहू लागलो. कबुतरं उडाली की उरलेली ज्वारी झाडून घ्यायची, पिशवीत भरायची, घंटागाडीत टाकायची. पहिल्यांदा लोकांना वाटलं, बायको गेल्यापासून सर जरा असे झालेत.

"सर, पक्ष्यांच्या तोंडचा घास काढता?" पाटकर एकदा म्हणाले. "पाप लागतं हो."

"पक्षी जेवून गेले. हे रात्रपाळीचं आहे."

रेखाने आतून मशीन थांबवलं आणि पुन्हा चालू केलं.

आणि मग एक दिवस पाटकर बायकोसोबत आमच्या गाळ्यात आले. लेकीचं लग्न ठरलं होतं. पाटकरवहिनींनी काउंटरवर शालू ठेवला, मोरपंखी, दोन्ही बाजूंना भरगच्च जर. बोटं त्यावर तशीच रेंगाळली. "रेखाचा हात आता सुलभाताईंच्या हातावर गेलाय म्हणतात. फॉल लावून ठेवा, ब्लाउज पण इथेच. बाहेर कुठे टाकायचा धीर नाही होत बाई."

मी शालूवर तळहात ठेवला आणि तो हळूच त्यांच्याकडे सरकवला. "घरी न्या वहिनी. इथे उंदीर आहेत."

पाटकर हसले. "ते कुठे नसतात सर?"

"या भिंतीला खाली भोक आहे. आमच्याकडून आम्ही बुजवतो, ते पुन्हा होतं. दुसरं तोंड तुमच्या पोत्यांमागे आहे."

"पण तुमची ती ट्रंक आहे ना?"

"ट्रंक सुलभा सांभाळायची."

गाळ्यात रेखा होती, दोन गिऱ्हाइकं होती. पाटकरवहिनींनी शालू उचलून छातीशी धरला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही आधी ती भिंत बघा. माझ्या पोरीचा शालू आहे हा."

दिवाळीच्या आधी, ऐन धंद्याच्या दिवसांत, कॉम्प्लेक्सची सगळी शटरं एका सकाळी बंद झाली. समोरच्या मार्केटमध्ये मी स्वतः जाऊन आलो होतो, त्यांनीही तोच दिवस धरला. पोती उन्हात आली. ती परत ठेवताना भिंतीपासून हातभर सोडून, फळ्यांवर ठेवायची असं ठरलं. गवंड्याने सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून भोकं लिंपली. गटाराला लोखंडी जाळी बसली. औषधवाल्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात काळे डबे ठेवले. गोपभाई दोऱ्यांची पिशवी घेऊन आले होते, ते पॅसेजमध्ये उभे राहून बघत होते. "देखा सरजी," ते हळू आवाजात म्हणाले, "बस, एक दिन." आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

एक दिवससुद्धा लागला नाही. दुपारच्या जेवणापर्यंत जवळजवळ सगळं आटोपलं. मी ते घड्याळात बघितलं. जे काम जेवायच्या आत होतं, त्याच्यासाठी माझी बायको गेली.

शेवटी पाटकरांच्या दुकानातली भिंतीकडची पोती हलली. गवंड्याने भोकात हात घालून घरटं बाहेर ओढलं आणि फरशीवर ठेवलं. ते चिंध्यांचं होतं. वर रेखाच्या हातचे नवे तुकडे, आणि खाली, दाबून दाबून वाकळ झालेल्या थरांत, सुलभाचे. ती अस्तर कापताना कात्री किंचित तिरकी धरायची, ती कड मी कुठेही ओळखली असती. हिरवं, जांभळं, आमसुली, एका कोपऱ्यात जरीची दशी. आणि त्या सगळ्याच्या मध्ये उघडीनागडी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. एकमेकांवर चढत होती.

"अरेरे," पाटकर म्हणाले. आवाज खरोखर ओला झाला होता. "किती लहान आहेत हो. मामा, जपून उचला, पलीकडे ठेवून या."

दगडूमामा पुढे झाले.

"थांबा मामा," मी म्हणालो. "पलीकडे पण कुणीतरी शिवत बसलं असेल."

माझा आवाज चढला नव्हता. पण मामा थांबले. पाटकर माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदा त्यांना कळलं की सतरंजीवर त्या दिवशी मी त्यांना क्षमा केलेली नव्हती.

बादली मी भरली. घरटं तसंच्या तसं उचललं, तिच्या तुकड्यांसकट, आणि मोरीत नेलं. पाटकर तोंड फिरवून उभे होते. मी फिरवलं नाही. सगळं पाणी स्थिर होईपर्यंत बघत उभा राहिलो, मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

गाळ्यात आलो तर रेखाने चहा ओतून ठेवला होता. काउंटरवर मोरपंखी शालू होता, पाटकरवहिनी ठेवून गेल्या होत्या. मी चिठ्ठी लिहिली, टाचली, शालू ट्रंकेत ठेवला, कडी लावली. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"सर," रेखाने खाली बघत विचारलं, "वाईट नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं ना," मी म्हणालो. "पण तिचं जास्त वाटतं."